दुपारी घोगरा होणारा रेडिओ: जर्मेनियम ट्रान्झिस्टर खरंच गेलेत का?

देवगडचो झील

नमस्कार मंडळी. आजोबांचा रेडिओ आहे. सात ट्रान्झिस्टर, मीडियम वेव्ह आणि शॉर्ट वेव्ह, चार मोठे सेल म्हणजे ६ व्होल्ट. ट्रान्झिस्टर सगळे जुने, जर्मेनियमचे: पुढे स्टेशन पकडणारे तीन एएफ मालिकेतले, मग आवाज वाढवणारे एसी १२६ दोन (त्यातला दुसरा ड्रायव्हर, म्हणजे आउटपुटला सिग्नल पोचवणारा), शेवटी स्पीकर चालवायला आउटपुटला एसी १२८ ची जोडी. ड्रायव्हर ट्रान्सफॉर्मर आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मर दोन्ही शाबूत. मागच्या झाकणाला आतून सर्किटचा कागद चिकटवलेला आहे, कसर लागली असली तरी वाचता येतो.

लक्षण असं: सकाळी रत्नागिरी केंद्र ११४३ वर खणखणीत लागतं. दुपारी पडवीचे पत्रे तापले की आवाज घोगरा होत जातो, आणि सेल बघता बघता बसतात. व्हॉल्यूम पूर्ण खाली करून मीटर लावला तर सकाळी १३ मिलिअ‍ॅम्पियर, दुपारी अडीचला ३४. संध्याकाळी खाडीचा वारा सुटला की गाडी परत रुळावर.

तालुक्याच्या ठिकाणी एका दुकानात दाखवला. त्यांनी झाकण न उघडताच सांगितलं, "जर्मेनियम हायत, लिकी झाले. सगळे काढा, सिलिकॉन घाला."

मी एसी १२८ दोन्ही काढले आणि डिजिटल मीटरच्या एचएफईच्या (गेन, म्हणजे ट्रान्झिस्टर करंट किती पट वाढवतो ते मोजायच्या) भोकांत घातले. सकाळी एक ११८ दाखवतो, दुसरा ९६. दुपारी पहिला १३९ वर गेला! म्हणजे गेलेला ट्रान्झिस्टर उन्हात सुधारतो की काय? आंबा काढणी चालू आहे, तेव्हा उत्तराला उशीर झाला तर राग मानू नये.

गजालीकार

तुझो रेडिओ दुपारचो वामकुक्षी घेता रे. पेज घाल त्याका.

माळ्यावरचा मर्फी

वाचतोय. माझ्याकडेही एक आहे, अजून माळ्यावरून खाली आणायचं धाडस झालेलं नाही. पुढच्या भागाची वाट बघतोय.

रोखठोक

दुकानदार बरोबर बोलला. साठ वर्षांपूर्वीचा माल आहे तो. एसके १०० या सिलिकॉन ट्रान्झिस्टरची जोडी आणा, पाय जुळवून लावा, विषय संपला. उगाच जुन्याचं कौतुक नको.

कथिलकाका

झीलभाऊ, १३९ चं कोडं आधी सोडवू, कारण पुढचं सगळं त्यातच आहे.

आपल्या साध्या डिजिटल मीटरच्या एचएफईच्या भोकांत बेसला (ट्रान्झिस्टरचे तीन पाय: बेस, कलेक्टर, एमिटर; बेसमधला लहान करंट कलेक्टर-एमिटरमधला मोठा करंट ठरवतो) साधारण १० मायक्रोअ‍ॅम्पियर जातात. कलेक्टरमधून जो काही करंट येईल त्याला मीटर १० ने भागतो आणि आकडा दाखवतो. सिलिकॉनच्या बाबतीत हे चालतं, कारण बेस मोकळा सोडला तर कलेक्टरमधून काहीच वाहत नाही. जर्मेनियममध्ये बेस मोकळा असला तरी वाहतं. त्यालाच आपण लीकेज म्हणतो. तुमच्या पहिल्या एसी १२८ मधून समजा २८० मायक्रोअ‍ॅम्पियर नुसतेच वाहतायत. मीटर तेही गेनमध्ये धरतो, म्हणजे २८ फुकटचे. ११८ मधून २८ गेले, खरा गेन ९० च्या आसपास. दुपारी गेन जागच्या जागीच होता, लीकेज वाढलं आणि मीटरने ते गेनच्या खात्यात जमा केलं.

दुसरी गोष्ट. लीकेज म्हटलं की माणसं दचकतात, पण दोन वेगळे आकडे आहेत. कलेक्टर आणि बेस यांच्यामधला मूळ लीकेज, एमिटर मोकळा ठेवून मोजलेला. एसी १२८ ला डेटाशीटमध्ये तो २५ अंशांना कमाल १० मायक्रोअ‍ॅम्पियर दिलेला आहे. आणि दुसरा, बेस मोकळा ठेवून कलेक्टर ते एमिटर मोजलेला. हा पहिल्याच्या गेन अधिक एक पट असतो, कारण ट्रान्झिस्टर स्वतःच्याच लीकेजला सिग्नल समजून वाढवतो. तुमचे २८० भागिले ९१ केले की मूळ लीकेज येतो तीनाच्या जरा वर. कमाल दहा, तुमचा तीन. हा ट्रान्झिस्टर लिकी कसा?

तापमानाचं म्हणाल तर दर आठ-दहा अंशांना लीकेज दुप्पट धरायचा. २५ ला ३ असेल तर ३५ ला ६, ४५ ला १२. म्हणून लीकेजचा आकडा सांगताना तापमान सांगायलाच हवं, नाहीतर त्या आकड्याला अर्थ नाही. महाबळेश्वरात मोजलेला आणि मे महिन्यात देवगडात मोजलेला, ट्रान्झिस्टर एकच असला तरी वाचन सारखं येणार नाही.

पूर्वी काट्याच्या मीटरवर तपासायचे तेव्हाही हाच घोळ. किलो-ओहमच्या रेंजवर कलेक्टर-एमिटर लावला की काटा थोडा हलायचा, आणि नवशिका कारागीर धडधाकट नग केराच्या डब्यात टाकायचा. त्यात काट्याच्या मीटरला ओहमच्या रेंजवर काळ्या वायरला प्लस येतो हे माहीत नसलं की पीएनपीला एनपीएन (प्लस-मायनस उलटे लागणारा दुसरा प्रकार) समजून आणखी गोंधळ.

नीट मोजायची रीत उद्या लिहितो. आज लाईट जायची लक्षणं आहेत.

विद्युल्लता

काकांनी व्यवहार सांगितला, मी थोडं पुस्तकातलं जोडते. आमच्या बारावीच्या मुलांना हा भाग कोरडा वाटतो, पण रेडिओ समोर असला की लगेच कळतो.

जर्मेनियमची बँड गॅप (इलेक्ट्रॉन मोकळा व्हायला लागणारी ऊर्जा) ०.६७ इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपास, सिलिकॉनची १.१२. हा फरक दिसायला लहान, पण नुसत्या खोलीच्या उष्णतेने आपसूक सुटणारे इलेक्ट्रॉन मोजले तर शुद्ध जर्मेनियमच्या एका घन सेंटिमीटरमध्ये साधारण २४ लाख कोटी असतात आणि सिलिकॉनमध्ये हजार-दीड हजार कोटी. हजार पटींहून जास्त फरक. लीकेज येतो तो इथून. म्हणूनच जर्मेनियमच्या जंक्शनने (ट्रान्झिस्टरच्या आतल्या सांध्याने) ७५ ते १०० अंशांपर्यंतच दम धरायचा, सिलिकॉन १५० च्या पुढेही चालतं.

मग सुरुवात जर्मेनियमपासून का झाली? डिसेंबर १९४७ मध्ये बेल लॅब्समध्ये बार्डीन आणि ब्रॅटन यांनी पहिला ट्रान्झिस्टर चालवला तो जर्मेनियमचाच. ते ९३८ अंशांना वितळतं, सिलिकॉनला १४१४ लागतात, त्यामुळे शुद्ध करायला आणि हाताळायला सोपं. ऑडिओचे जुने नग बहुतेक अलॉय जंक्शनचे: जर्मेनियमची पातळ चकती, दोन्ही बाजूंना इंडियमचे ठिपके, भट्टीत घालून मुरवलेले.

आपल्या किनाऱ्याच्या दृष्टीने आणखी एक महत्त्वाचं. सिलिकॉनवर येणारा ऑक्साइडचा थर घट्ट असतो, काचेसारखा संरक्षण करतो. जर्मेनियमचा ऑक्साइड पाण्यात विरघळतो. त्यामुळे आत दमट हवा शिरली की पृष्ठभागावरूनच करंट वाहायला लागतो. म्हणून हे नग काचेत किंवा धातूच्या डबीत हवाबंद केलेले असतात.

माळ्यावरचा मर्फी

ताई, मग आपल्याकडे आषाढात हवेत पाणीच पाणी असतं. सगळे जर्मेनियम मेले असायला हवेत की.

विद्युल्लता

डबीचं सील शाबूत असेल तर काही होत नाही. पाय जिथून बाहेर येतात तिथली काच तडकली असेल किंवा खाऱ्या हवेने पाय मुळापाशी गंजले असतील तर गडबड. भिंगातून बघा, मुळाशी तांबूस भुकटी दिसली तर तो नग संशयित.

कथिलकाका

+१. आणि ट्रान्झिस्टर निर्दोष असून पीसीबी (सुटे भाग जोडलेली पाटी) दोषी, असंही आपल्याकडे होतं. ती जुनी तपकिरी कागदी पीसीबी ओलावा पिते. वर समुद्राचं मीठ, जुना फ्लक्स, झुरळांची कृपा. जुलैमध्ये दोन ट्रॅकच्या मध्ये मेगाओहमचा रेझिस्टन्स लावल्यासारखं होतं. आयसोप्रोपाइल अल्कोहोल आणि दात घासायचा मऊ ब्रश घेऊन आधी ती धुवा, मग बोलू.

आता मोजणी. ही रीत गिटारचे पेडल (आवाज बदलणारी, पायाने चालवायची पेटी) बनवणाऱ्यांमध्ये रूढ आहे आणि मला ती पटते. ९ व्होल्टची बॅटरी. एसी १२८ पीएनपी, म्हणून एमिटर बॅटरीच्या प्लसला. कलेक्टर २.४७ किलो-ओहममधून मायनसला. २.२ किलो आणि २७० ओहम एकापुढे एक जोडा, झालं. बेस मोकळा. व्होल्टमीटर त्या २.४७ किलोवर. जे व्होल्टेज दिसेल ते लीकेजचं. आता बेसपासून मायनसला २.२ मेगाओहम एका बटणातून जोडा, बटण दाबा. व्होल्टेज वाढेल. वाढीव व्होल्टेजला १०० ने गुणा, तो खरा गेन. २.४७ हा अडनिडा आकडा त्यासाठीच: बेसला चार मायक्रोअ‍ॅम्पियरच्या जरा वर जातात, आणि गेन १०० असेल तर वाढ बरोबर १ व्होल्ट येते.

सॉकेट रिकामं ठेवून आधी एकदा वाचन घ्या. तिथेच काही मिलिव्होल्ट दिसले तर तुमची जोडणी ओली आहे, दोष ट्रान्झिस्टरला देऊ नका.

नग बोटांनी धरू नका. सॉकेटमध्ये घालून निवांत सोडा.

फझवाला

काकांचं शेवटचं वाक्य हलक्यात घेऊ नका. मूळचा मालवणचा, आता पुण्यात, गिटारचे पेडल बनवतो. काल मुद्दाम बघितलं. एसी १२८ सॉकेटमध्ये, लीकेज ०.३१ व्होल्ट. डबी नुसती दोन बोटांत धरली. आकडा ०.३४, ०.३८ करत चढायला लागला, चहाचा कप संपेपर्यंत ०.५ च्या वर. बोटं काढली तर उतरायला चढण्यापेक्षा जास्त वेळ. कावियाने नुकताच जोडलेला नग तर लगेच मोजूच नये.

आमच्या धंद्यात हे गुण-अवगुण विकत घेतले जातात. फझ फेस नावाचा पेडल १९६६ मध्ये इंग्लंडात आला, त्यात दोनच ट्रान्झिस्टर, जर्मेनियम. पहिला सत्तर-ऐंशी गेनचा आणि दुसरा शंभर ते एकशे तीसचा बसवला की आवाज जमतो असा सगळ्यांचा अनुभव. लीकेज २०० मायक्रोअ‍ॅम्पियरच्या आत हवा, थोडा असलेला चालतो. एसी मालिकेच्या ढिगातून पाच-सहातला एक निवडला जातो. मालवणला किनाऱ्यावर कार्यक्रम असला की रात्री दव पडेपर्यंत पेडलचा स्वभाव दोनदा बदलतो, हे ऐकणाऱ्यांनाही कळतं.

रोखठोक

एवढा खटाटोप करण्यापेक्षा एसके १०० पाच मिनिटांत लागतो, मी पुन्हा सांगतो. तापमानाची कटकटच नाही.

कथिलकाका

रोखठोक, लावून बघा आणि आवाज ऐका.

जर्मेनियमला बेस-एमिटरवर ०.१५ ते ०.२ व्होल्ट मिळाले की तो जागा होतो. सिलिकॉनला ०.६ च्या वर लागतात. या रेडिओत बायसचं (ट्रान्झिस्टरला जागं ठेवायला बेसवर दिलेल्या व्होल्टेजचं) नेटवर्क जर्मेनियमसाठी बेतलेलं आहे, ते बेसला पावेक व्होल्टच देणार. तिथे एसके १०० लावलात तर दोन्ही नग झोपलेले. सिग्नल मोठा आला की तेवढ्यापुरते उठणार, लहान सिग्नल मध्येच खाणार. हळू आवाजात बातम्या ऐकल्या तर निवेदक गालात सुपारी धरून बोलतोय असं वाटेल. ते टाळायचं तर बायसचे रेझिस्टन्स बदला, ड्रायव्हर बघा, फीडबॅक बघा. पाच मिनिटांचं काम अर्ध्या दिवसावर जातं, आणि हातात काय पडलं? सेलमधलं शेवटचं थेंबभर चार्ज वापरण्याची जी जुन्या रेडिओची ताकद, ती गेली. गावात वीज नव्हती तेव्हा ६ व्होल्टचे सेल चारावर आले तरी हे रेडिओ बोलायचे, कारण जर्मेनियमला स्वतःसाठी फार व्होल्टेज लागत नाही.

नव्याने बांधताय तर सिलिकॉनच वापरा, मीही तेच वापरतो. हा बांधलेला आहे.

गजालीकार

निवेदकाच्या गालात सुपारी! काकानु, ह्यां माका जाम आवाडला.

खारवी_हर्णै

जरा अवांतर. माझ्याकडे ओसी ७१ लावलेला एक छोटा अ‍ॅम्प्लिफायर आहे, काचेचे काळे नग. ट्यूबलाइट लावली की गुणगुण येते, बंद केली की जाते. अर्थिंग सगळं तपासून झालं.

कथिलकाका

काळा रंग उडालाय का बघा. ओसी ७१ ची डबी काचेची, वर काळा रंग असतो तो प्रकाश अडवायला. रंग खरवडला गेला की जंक्शनवर उजेड पडतो आणि तो प्रकाशाला प्रतिसाद देतो. ट्यूबलाइट सेकंदाला शंभर वेळा लुकलुकते, तीच १०० हर्ट्झची गुणगुण तुम्ही ऐकताय. याच गुणावर ओसीपी ७१ नावाचा फोटोट्रान्झिस्टर वेगळा विकला जायचा. काळा नेलपेंट लावा. घरात मागून घ्या.

खारवी_हर्णै

लावला. गेली!! बायकोला काय सांगू तेवढं बाकी आहे.

देवगडचो झील

दोन दिवस आंब्याच्या पेट्यांत गेले, आता वाचनं देतो. पीसीबी धुतली. रिकाम्या सॉकेटला शून्य. मुलीच्या प्रयोगाच्या सामानातला थर्मामीटर शेजारी ठेवला, २८ अंश.

पहिला एसी १२८: लीकेज ०.६९, बटण दाबून १.५९. म्हणजे गेन ९०. दुसरा: ०.४२ आणि १.२१, गेन ७९. काकांनी न बघता सांगितलेले ९० जसेच्या तसे आले, मला अंगावर काटा आला.

ड्रायव्हरचा एसी १२६: लीकेज ०.३८, गेन १४० च्या थोडा वर.

आणि हो, रेडिओच्या कॅबिनेटच्या आत दुपारी थर्मामीटर सरकवला तर ४५ दाखवतो. पत्र्याखाली जाळी लावलेल्या फळीवर असतो तो.

कथिलकाका

मग तुमचे तिन्ही नग चांगले आहेत. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला निघाले होते.

आता चोर शोधू. शांत असताना जोडीचा करंट कशाने ठरतो? बेस-एमिटरच्या व्होल्टेजने. आणि ते व्होल्टेज प्रत्येक अंशाला दोन-सव्वादोन मिलिव्होल्टने कमी लागतं. २८ वरून ४५ म्हणजे १७ अंश, ३५ ते ४० मिलिव्होल्ट. बायस तेवढाच राहिला आणि ट्रान्झिस्टरची गरज ४० ने घटली तर करंट चौपट होतो. जोडीचा करंट सकाळी ६ असेल तर दुपारी २४-२५. बाकी रेडिओ घेतो ७. बेरीज करा, तिशीत जाते. वर लीकेज वाढलाय, आणि करंट वाढला की नग स्वतः तापतो, तापला की करंट आणखी वाढतो. तुमचे ३४ असे जमतात.

पण कारखान्यात बसलेल्या लोकांना हे माहीत होतं. म्हणून ड्रायव्हर ट्रान्सफॉर्मरच्या मधल्या टोकापासून प्लसकडे जाणाऱ्या फांदीत एनटीसी थर्मिस्टर असतो. तापला की त्याचा रेझिस्टन्स कमी होतो, बायस खाली येतो, करंट आवरला जातो. मी हाताळलेल्या बऱ्याच सर्किटांत तो १३० ओहमचा होता, छोट्या बटणासारखा, जोडीच्या जवळ टेकवलेला. तुमच्या कागदावर बघा आणि मग पीसीबीवर बघा. फोटो टाका.

देवगडचो झील

काका!!

कागदावर मधल्या टोकाखाली दोन चिन्हं आहेत, एक साधा रेझिस्टन्स आणि त्याच्या समांतर तिरकी रेघ असलेला, शेजारी एनटीसी लिहिलंय. पीसीबीवर तिथे एकच साधा कार्बनचा रेझिस्टन्स. कथिल बाकीच्यापेक्षा चकचकीत. शेजारची दोन भोकं रिकामी, पाय तोडल्याची खूण दिसते. कधीतरी कुणीतरी थर्मिस्टर काढून त्या जागी जमेल ते बसवलंय.

फझवाला

केस सुटली. पॉपकॉर्न आणायला गेलो होतो तेवढ्यात.

कथिलकाका

अर्धीच सुटलीय. करंट वाढला म्हणून सेल बसतात, हे जुळलं. आवाज घोगरा होतो तो एवढ्याने व्हायला नको, उलट जोडीला जास्त करंट दिला की हळू आवाज थोडा स्वच्छच होतो. ड्रायव्हरच्या एमिटरवर व्होल्टेज मोजा, सकाळी आणि दुपारी. मीटरची लाल वायर चेसिसला, कारण या रेडिओत प्लस चेसिसला आहे.

देवगडचो झील

सकाळी ०.९. दुपारी १.६.

कथिलकाका

एसी १२६ चा लीकेज तुम्ही मोजलाय, एवढं सरकवण्याइतका तो नाही. एमिटरला रेझिस्टन्स आहे, बेसला खालचा हात (बेसपासून प्लसकडे जाणारा रेझिस्टन्स) लहान ओहमचा आहे, त्यामुळे सर्किटमध्ये लीकेज गेनच्या पटीत वाढत नाही, फार थोडा वाढतो. बेस मोकळा ठेवून जे भूत दिसतं ते सर्किटमध्ये निम्म्याहून जास्त बांधलेलं असतं. म्हणजे बेसला बाहेरून कुणीतरी ढकलतंय.

आधीच्या एसी १२६ च्या कलेक्टरवरून ड्रायव्हरच्या बेसला जो इलेक्ट्रोलायटिक कंडेन्सर येतो त्याचं एक टोक उचला आणि पुन्हा मोजा. कलेक्टर बेसपेक्षा जास्त मायनसला आहे. कंडेन्सर गळत असेल तर बेस मायनसकडे ओढला जातो, पीएनपी जास्त उघडतो, ड्रायव्हर एका बाजूला जाऊन आदळतो आणि आवाज फाटतो. कंडेन्सरची गळतीसुद्धा उष्णतेने वाढते, म्हणून लक्षण दोघांचं एकच.

नवीन लावताना उलटा लावू नका. एनपीएनच्या सवयीने हात चुकतो. इथे मायनस टोक आधीच्या कलेक्टरकडे, प्लस टोक बेसकडे.

देवगडचो झील

टोक उचललं, दुपारी पण ०.९५. कंडेन्सर चोर क्रमांक दोन. १० मायक्रोफॅरडचा नवा लावला.

थर्मिस्टर मात्र मिळत नाही. गणपतीला चाकरमानी येतील तेव्हा लॅमिंग्टन रोडवरून मागवू का? तोवर काय करू?

कथिलकाका

१३० च हवा असा हट्ट नको. १०० किंवा १५० ओहमचा छोटा एनटीसी चालेल, समांतर रेझिस्टन्स ठेवा. पॉवर सप्लायमध्ये सुरुवातीचा झटका अडवायला जे मोठे काळे-हिरवे एनटीसी असतात ते नकोत, त्यांचा रेझिस्टन्स पाच-दहा ओहम असतो.

तोही नसेल तर भंगारातला एक एसी १२८ घ्या ज्याचं बेस-एमिटर जंक्शन शाबूत आहे. बेस आणि कलेक्टर जोडून त्याचा डायोड करा, आउटपुटच्या नगांना चिकटवून बसवा आणि थर्मिस्टरच्या जागी लावा. जर्मेनियमच जर्मेनियमला तापमान सांगतं, जुळतं छान.

शांत करंट जोडीचा मिळून ५-६ मिलिअ‍ॅम्पियरवर आणा. त्यासाठी प्रीसेट (फिरवून बदलता येणारा रेझिस्टन्स) लावाल तर मायनसकडच्या, वरच्या हातात लावा. खालच्या हातात लावलात आणि त्याचा सरकता काटा आपल्या गंजाने उचलला गेला, तर बायस एकदम वर जाईल आणि दोन्ही एसी १२८ जातील. वरच्या हातात तोच दोष आला तर फक्त आवाज चिरका होतो, नग वाचतात.

माळ्यावरचा मर्फी

माझाही खाली आणला! आवाजच नाही, नुसती शूऽऽ. पुढचे नग एएफ ११६ आणि एएफ ११७, चार पायांचे.

कथिलकाका

एएफ ११४ ते ११७ या नगांचा दोष वेगळाच. डबीला आतून कथिलाचा मुलामा असतो, त्यातून वर्षानुवर्षं केसासारखे धातूचे तंतू वाढतात आणि आतल्या पायांना टेकतात. चौथा पाय डबीला जोडलेला असतो, शील्डचा. तो पीसीबीवरून सोडवा किंवा कापा. पुष्कळदा तेवढ्याने रेडिओ बोलायला लागतो. वापरलेल्या-न वापरलेल्या दोन्ही नगांत होतं हे, त्यामुळे जुना सीलबंद माल आणलात तरी खात्री नाही.

फझवाला

एक वादाचा मुद्दा टाकतो. जर्मेनियमचा आवाज 'मऊ' असतो असं म्हणतात ते खरं की मनाचे खेळ?

कथिलकाका

थोडं खरं. एसी १२८ ची वरची मर्यादा दीड मेगाहर्ट्झच्या आसपास, गेन ९० असेल तर त्या गेनची धार सतरा हजार हर्ट्झच्या सुमारास बोथट व्हायला लागते. ओसी ७१ सारखा आणखी जुना नग असेल तर त्याहूनही बराच आधी. वर कलेक्टर-बेसमधली कपॅसिटी जास्त. पण रेडिओत मीडियम वेव्हचा आवाज मुळात पाचेक हजारांवर कापलेला, साडेतीन इंची स्पीकर, लाकडी खोकं. मऊपणा बहुतेक तिथला. तुमच्या पेडलमध्ये मात्र ट्रान्झिस्टरच बोलतो, तिथे मी वाद घालणार नाही.

विद्युल्लता

काका, हे नग आपल्याकडे बनायचे ना? डबीवर बीईएल लिहिलेलं पाहिलंय.

कथिलकाका

हो तर. बंगळुरूची भारत इलेक्ट्रॉनिक्स, १९६२ पासून जर्मेनियमचं काम. आमच्या दुकानात बीईएलचे नग आले की वेगळ्या बरणीत ठेवायचे. एसी १८७ आणि एसी १८८ ची जोडीही त्यांचीच यायची, चौकोनी धातूच्या ठोकळ्यातली.

देवगडचो झील

डायोडवाली युक्ती केली. जोडी साडेपाचवर लावली. आज दुपारी कॅबिनेटमध्ये ४४ अंश, एकूण करंट १७. आवाज सकाळसारखाच. आई म्हणाली, बातम्यांचा आवाज जरा कमी कर.

रोखठोक

ठीक आहे, मानलं. पण एसके १०० स्वस्त आहे.

माळ्यावरचा मर्फी

शील्डचा पाय कापला, रेडिओ बोलला! पण आउटपुटचा एक नग खरंच मेलाय, तिन्ही पाय आपसात शॉर्ट. ऑनलाइन चार एसी १२८ मागवले, नवे कोरे, छपाई एकदम ठसठशीत. काकांच्या रीतीने मोजले, चौघांचाही लीकेज शून्य शून्य शून्य शून्य! नशीब काढलं म्हणायचं?

कथिलकाका

मीटर डायोडच्या रेंजवर ठेवा आणि बेस-एमिटर बघा.

माळ्यावरचा मर्फी

०.६१, ०.६२, ०.६१, ०.६१.

कथिलकाका

सिलिकॉन आहेत, वर एसी १२८ छापलंय. जर्मेनियम असता तर ०.२ च्या आसपास दिसला असता आणि लीकेज थोडा तरी आलाच असता. फोटो आणि वाचनं जोडून पैसे परत मागा. माझ्या बरणीत चारेक आहेत, गेन ८० च्या जवळचा एक तुमच्या उरलेल्या नगाशी जुळवून देतो. तुमच्या चांगल्या नगाचा लीकेज आणि गेन मोजून, तापमान लिहून, व्यक्तिगत निरोप करा.